कसेल त्याची जमीन

बदलापुरात आज उंच इमारती दिसतात. पण उल्हास नदीच्या खोऱ्यात आसपास अजून भातशेती आहे. ही गोष्ट या शेतीची आहे.

पूर्वी पुष्कळ शेतांचा मालक एक असे आणि कसणारा दुसरा. कसणाऱ्याला कूळ म्हणत. कूळ चिखलात राबायचे आणि पीक आले की मालकाला खंड द्यायचे. कित्येकदा हा खंड निम्म्या पिकाएवढा असे.

आपण हिशेब करून पाहू. समजा, २४ मण भात पिकले. १२ मण मालकाकडे गेले. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता, म्हणून सावकाराकडून ४ मण खावटी आणली होती. ती दिढीने फेडायची, म्हणजे ६ मण गेले. घरात उरले किती? अवघे ६ मण! एवढ्यात वर्ष कसे निघावे? आषाढात पुन्हा सावकाराचे दार. कूळ आळशी होते का? नाही. वाटणीच तशी होती.

मग काय झाले? तेव्हाच्या मुंबई राज्याने १९४८ साली कूळकायदा केला. कोरडवाहू जमिनीचा खंड पिकाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घ्यायचा नाही, असे ठरले. आता २४ मणांतले मालकाला ८ मणच. घरात ४ मण जास्त राहिले. खावटीही ४ मणांचीच होती ना? म्हणजे सावकाराचे दार सुटले!

पुढे कायदा सुधारला. १ एप्रिल १९५७ या दिवशी, काही अपवाद सोडून, कूळच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. याला कृषकदिन म्हणतात. जमीन फुकट नव्हती. बहुतेक कुळांना सरकारी आकाराच्या २० ते २०० पटीच्या आत किंमत ठरवून मिळे. ती हप्त्यांनी फेडता येई.

जपान हाही भात खाणारा देश. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने मालकांकडून जमिनी विकत घेतल्या आणि कुळांना विकल्या. तिथेही गरीब-श्रीमंतांतले अंतर कमी झाले.

पण आपल्याकडे सगळ्यांना लाभ झाला नाही. मजुराकडे कुळाचा हक्क नव्हता, त्याला काही मिळाले नाही. कित्येक कुळांची नावे कागदावर लागलेलीच नव्हती. कुणी न वाचताच अंगठा उठवला आणि ‘राजीखुशीने जमीन सोडली’ असे लिहून दिले. पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम एका अंगठ्यात गेला.

आज शहर वाढले, जमिनीला मोल आले. पण हे मोल कागदावर नाव असलेल्यालाच मिळते.

तुम्हांला आता वाचता येते. घरचा सातबारा काढून आणा. नाव कोणाचे, क्षेत्र किती, पीक कोणते, सारे स्वतः वाचा. आणि वाचल्याशिवाय कुठे सही करू नका.