व्याधाचा उदय आणि नाईलचा पूर

प्राचीन इजिप्तमध्ये पर्जन्य जवळजवळ नव्हताच. शेती, तिच्यावरील सारा आणि पर्यायाने राजाचा खजिना ही सर्व नाईलच्या वार्षिक पुरावर अवलंबून असल्यामुळे, तो पूर केव्हा येणार हे आगाऊ जाणणे ही तेथे केवळ विद्वानांची जिज्ञासा नसून राज्यकारभाराची निकड होती. ही वर्दी आकाश देई. आपण ज्यास व्याध म्हणतो, तो रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा सूर्यसान्निध्यामुळे सुमारे ७० दिवस अदृश्य राहून ऐन उन्हाळ्यात एके पहाटे सूर्योदयापूर्वी पूर्वक्षितिजावर अल्पकाळ पुन्हा दिसे, आणि त्याच सुमारास नदीचे पाणी चढू लागे; तेव्हा त्याला सोपदेत नामक देवी मानून त्याच्या उदयाशी नववर्षाची सांगड घातली गेली, यात नवल नाही.

दफ्तरी कामासाठी मात्र ३० दिवसांचे १२ महिने आणि वर ५ दिवस, असे ३६५ दिवसांचे सुटसुटीत वर्ष त्यांनी पत्करले. सोयीपुढे अचूकता हरली, असेच म्हणावे लागेल. कारण पाव दिवसाच्या तुटीमुळे व्याधोदय दर ४ वर्षांनी एक दिवस पुढे सरके आणि मूळ तारखेस परतण्यास त्याला सुमारे १४६० वर्षे लागत. इ. स. पूर्व २३८ मध्ये, तिसऱ्या टॉलेमीच्या कारकिर्दीत, दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याचा ठराव पुरोहितांच्या सभेने केला खरा, पण त्याची अंमलबजावणी टिकली नाही. ती सुधारणा इजिप्तमध्ये रुजली, ती रोमचा अंमल बसल्यावर, ऑगस्टसच्या काळी.