मागचे इंजिन, पुढचा गारवा

मोटारीत इंजिन कोठे बसवावे हा प्रश्न आत बसणाऱ्याच्या लेखी अगदीच गौण असला, तरी पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो इतका निर्णायक ठरला आहे, की तिच्या वातानुकूलनाची बहुतेक सारी गाऱ्हाणी अखेर त्या एकाच निर्णयाच्या दारी येऊन थांबतात. 1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन मागील चाकांच्याही मागे, आणि सामानाची जागा व पेट्रोलची टाकी पुढे, अशी तिची ठेवण होती. शीतयंत्राचा विचार त्या आराखड्यात नव्हता. पुढे अमेरिकेच्या उष्ण प्रांतांत गाडी खपवायची तर त्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि जेथे रिकामा कोपरा सापडला तेथे एकेक भाग बसवण्याची तजवीज करण्यात आली.

ती तजवीज 1984 ते 1989 या काळातील कॅरेरा गाड्यांत पाहण्यासारखी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर अर्थातच मागे. दाबाने तापलेला वायू तेथून इंजिनाच्या झाकणाला जडवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, मग साऱ्या गाडीची लांबी ओलांडून पुढच्या बंपरखालील दुसऱ्या कंडेन्सरमध्ये, तेथून चाकाच्या कोनाड्यातील ड्रायरमध्ये, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापाशी दाब एकाएकी उतरला म्हणजे पुढच्या डिकीतील कूलिंग कॉइलमध्ये. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, तसेच या कॉइलमध्ये उकळणारे द्रव्य गाडीतील हवेची उष्णता शोषून घेते. मात्र माठाची वाफ वाऱ्यावर निघून जाते, तर येथे तिला पुन्हा पार मागे कॉम्प्रेसरकडे परतावे लागते. गाडी जेमतेम 4.3 मीटर लांब, पण जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर रबरी नळ्यांची लांबी तिच्या दुपटीहून अधिक भरते.

खरी मेख या नळ्यांतच आहे. त्या काळच्या रबराला वायू पूर्णपणे अडवून धरणे साधत नसे; सांधा सैल झालेला नाही, तेलाचा डाग कोठे दिसत नाही, तरीही नळीच्या सर्वांगातून वायू वर्षानुवर्षे झिरपत राहतो, आणि इंजिनाचे झाकण दर वेळी उघडताना तेथील नळ्या वाकून चिरतात ते वेगळेच. असे असता मालक बहुधा एक तर दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो, नाही तर नवा झळझळीत कॉम्प्रेसर विकत आणतो. पहिल्या उपायाने दुखणे एका मोसमापुरते लांबणीवर पडते, दुसऱ्याने केवळ खिसा हलका होतो. माझे मत असे, की ज्याला सारे काम एकदम करणे परवडत नाही त्याने प्रथम नळ्या बदलाव्यात, आणि त्या आतून नायलॉनचे अस्तर असलेल्याच घ्याव्यात.

हा प्रश्न अधिक बिकट झाला तो रसायनातील फेरबदलामुळे. या गाड्या कारखान्यातून निघाल्या त्या आर-12 नावाचा वायू पोटात घेऊन. टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने 1930 साली रसायनतज्ज्ञांच्या सभेत हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून तो विषारी नाही व ज्वालाग्राहीही नाही हे सर्वांसमक्ष दाखवून दिले होते. (पेट्रोलात शिसे मिसळण्याची युक्तीही याच गृहस्थांची, एका मनुष्याच्या बुद्धिमत्तेने वातावरणाला इतका उपद्रव क्वचितच पोहोचवला असेल.) 1974 साली मोलिना आणि रोलंड यांनी अशा वायूंतील क्लोरीनमुळे ओझोनचा थर झिजतो असा इशारा दिला, 1987 साली माँट्रियलचा करार झाला, आणि 1995 अखेर प्रगत राष्ट्रांत आर-12चे उत्पादन थांबले.

त्याच्या गादीवर आलेला आर-134ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी जुन्या यंत्राशी त्याचे पटत नाही. त्याचा रेणू लहान, म्हणून जुन्या रबरातून तो अधिकच सहज निसटतो. जुने खनिज तेल त्यात विरघळत नाही, त्यामुळे ते वायूबरोबर फिरून परत न येता वाटेतच साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. शिवाय 60 अंश सेल्सियसला आर-12चा दाब सुमारे 15 बार, तर याचा जवळजवळ 17 बार, म्हणजे त्याला द्रवरूपात आणण्यासाठी कंडेन्सरही अधिक समर्थ हवा. आणि येथे मागच्या इंजिनाची जुनी अडचण पुन्हा उभी राहते: झाकणातील कंडेन्सरला हवा मिळते ती इंजिनाच्याच पंख्याने ओढलेली, त्यामुळे गाडी वाहतुकीत खोळंबली की पंखा मंदावतो, खालून इंजिनाची धग चढते, आणि गारव्याची ज्या क्षणी सर्वांत अधिक गरज असते त्याच क्षणी तो आटतो. म्हणूनच जाणते कारागीर जुन्या कंडेन्सरच्या जागी समांतर प्रवाहाचे नवे बसवतात, आणि कोनाड्यात जागा काढून स्वतंत्र विजेच्या पंख्यासह आणखी एक जोडतात.

यंत्रणा एकदा उघडली की ड्रायर आणि साऱ्या ओ-रिंगा बदलणे हा शिरस्ताच आहे. कॉम्प्रेसर आतून घासून जाम झाला असेल तर धातूचा चुरा सर्वत्र पसरलेला असतो, तोही धुऊन काढावा लागतो. त्यानंतरचे व्हॅक्यूम पंपाचे काम दिसायला कंटाळवाणे, पण त्यातच कारागिराची पारख होते. आतील दाब वातावरणाच्या चाळिसाव्या हिश्श्याखाली उतरला, की नळ्यांत दडलेले पाणी साध्या खोलीच्या उष्णतेवरही उकळते आणि वाफ होऊन बाहेर पडते. हे न करता घाईने गॅस भरला, तर तेच पाणी व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडवते आणि पुढे आम्ल होऊन धातू खाते. पंप बंद केल्यावरही काटा जागचा हलू नये. हलला तर गळतीचा तपास पुन्हा आरंभापासून. गॅस मात्र वजनावर भरावा, अंदाजाने नव्हे: मूळ आर-12च्या साधारण 80 ते 90 टक्के.

कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील तेलाने ओले राहिले तरच वायू अडवते. हिवाळाभर आच्छादनाखाली जपून ठेवलेल्या गाडीत ते सुकते, म्हणून थंडीतही अधूनमधून काही मिनिटे शीतयंत्र चालवावे. अमेरिकेत 1 जुलै 1992 पासून आर-12 जाणूनबुजून हवेत सोडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि यंत्रणा नव्या वायूवर नेली तर गॅस भरण्याची तोंडे बदलून, काम कोणी व केव्हा केले, वायू किती भरला, तेल कोणते घातले, हे नमूद करणारी चिठ्ठी इंजिनापाशी चिकटवावी लागते. गाडी मूळ रूपातच राहावी असा ज्यांचा आग्रह, त्यांच्या डोळ्यांत ही चिठ्ठी खुपते. पण पुढे केव्हातरी जो कारागीर त्या नळ्या उघडील, त्याच्याजवळ आत काय आहे याचा तेवढाच दाखला असतो.