सदोष वस्तू परत पाठवताना टपालखर्च कोणाचा?

हैदराबादेत चारमिनारलगतच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्या किंवा पत्थरगट्टीतील मोत्यांचे सर घेण्यासाठी आता तिथवर जावे लागत नाही. फोंड्यात किंवा काणकोणात बसून मोबाईलवर पैसे भरले की चार-पाच दिवसांत पुडके दारात येते. पुडके उघडल्यावर बांगडी तडकलेली निघाली, किंवा 2.6 मापाऐवजी 2.4 मापाची आली, तर विक्रेता बहुधा पैसे परत देण्यास तयार होतो. मात्र ‘वस्तू आधी आमच्याकडे पाठवा’ असे त्याचे म्हणणे असते, आणि ती पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा याविषयी तो मौन पाळतो. मोठ्या मार्केटप्लेसवर ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण त्यांचा माणूस घरी येऊन वस्तू नेतो. स्वतःचे संकेतस्थळ किंवा समाजमाध्यमांवरील पान चालवणाऱ्या छोट्या विक्रेत्यांशी व्यवहार करताना आणि घरपोच परतीची सोय नसलेल्या पिनकोडवर मात्र ती हमखास उभी राहते.

अर्ध्या किलोपर्यंतचे पुडके स्पीड पोस्टने गोव्याहून हैदराबादला पाठवण्यास शंभर रुपयांच्या आसपास खर्च येतो. वस्तू अवजड असली की हिशेब बदलतो. खासगी कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः 5,000 ने भागतात आणि जो आकडा मोठा त्यावर दर लावतात. तळाला भेग असलेली दोन किलोची मातीची बिर्याणी हंडी तिन्ही बाजूंनी 30 सेंटिमीटरच्या खोक्यात परत पाठवायची झाल्यास आकार 5.4 किलोचा पडतो. अशा वेळी परतीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, आणि अनेक ग्राहक हंडी माळ्यावर टाकून विषय सोडून देतात.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. तेथील 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार ग्राहकाने सदोष म्हणून नाकारलेली वस्तू परत पाठवण्याचा वाजवी खर्च विक्रेत्यानेच सोसावा लागतो. स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना याचा अनुभव असेल. आपल्याकडे इतके नेमके वाक्य नाही. म्हणून आपला हक्क नाही, असे मात्र नव्हे. तो तीन-चार तरतुदी एकत्र वाचून मांडावा लागतो.

पहिली तरतूद जुनी आहे आणि तिची आठवण फार कमी जणांना असते. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम 43 सांगते की, वस्तू नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने ती नाकारली, तर ती विक्रेत्याकडे परत पोहोचवण्यास तो बांधील नाही. आपण ती नाकारत आहोत एवढे कळवणे पुरेसे आहे. म्हणजे तडकलेली बांगडी हैदराबादला नेऊन देणे हे मुळात ग्राहकाचे काम नाही. यात एक अडसर आहे. कलमाची सुरुवात ‘अन्यथा ठरलेले नसेल तर’ या अर्थाच्या शब्दांनी होते. विक्रेत्याच्या अटींमध्ये वस्तू ग्राहकानेच पाठवावी असे असेल आणि आपण खरेदीच्या वेळी ते मान्य केले असेल, तर या कलमाचा आधार दुबळा होतो. शिवाय नकार वाजवी मुदतीत कळवायला हवा. वस्तू महिनाभर वापरून मग नाकारता येत नाही.

दुसरा आधार 23 जुलै 2020 रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांचा. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर मार्केटप्लेसवरील विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. परतीच्या अटी, परतीच्या वाहतूकखर्चासह, स्पष्टपणे व सहज दिसतील अशा रीतीने आधीच जाहीर करणेही बंधनकारक आहे. स्वतःचाच माल स्वतःच्या संकेतस्थळावर विकणाऱ्यालाही परतीच्या खर्चाची माहिती द्यावी लागते. त्यामुळे खरेदीच्या वेळी कुठेच न लिहिलेला खर्च वस्तू बिघडलेली निघाल्यावर ग्राहकाच्या माथी मारणे हा नियमभंग ठरतो. सर्वच प्रकरणांत खर्च ग्राहकाचा, अशी एकतर्फी अट घातली असेल तर ती अन्यायकारक करार म्हणून आव्हानित करता येते. पण अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. शंभर-दोनशे रुपयांसाठी ती वाट कोणी धरू नये.

दोष कोणाचा, हे मात्र प्रामाणिकपणे पाहावे लागते. आपणच 2.4 माप निवडले आणि बांगडी हातात गेली नाही, तर तो विक्रेत्याचा दोष नव्हे. केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने दिलेला नाही. तिथे विक्रेत्याने जी सवलत दिली असेल तीच, आणि टपालखर्च आपलाच. एखाद्या व्यक्तीने घरातील जुना कॅमेरा अधूनमधून विकला, तर असा खासगी व्यवहारही ई-वाणिज्य नियमांबाहेर राहतो.

नुकसानभरपाईचा मुद्दा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. कलम 39 अन्वये आयोग वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, विक्रेत्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याचा आणि तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. परतीचा टपालखर्च या नुकसानीत मोडतो. वस्तू मागवताना भरलेले पोचशुल्क हे वेगळे आहे. ते व्यवहाराच्या मोबदल्याचाच भाग असल्याने मागणे सोपे जाते. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत नोंदवली, तरी बँक फक्त मूळ व्यवहाराची रक्कम पाहते. परतीचे टपाल त्यात येत नाही.

सरकारने स्वतःहून कारवाई केल्याची उदाहरणेही आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने निकृष्ट प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि विकलेले 2,265 कुकर परत मागवून ग्राहकांना किंमत देण्यास सांगितले. फ्लिपकार्टबाबत 598 कुकरांसाठी असाच आदेश झाला. कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. अशी कारवाई अनेक ग्राहकांचा प्रश्न असतो तेव्हा होते. एकट्याच्या टपालपावतीसाठी प्राधिकरण धावून येणार नाही.

तेव्हा सारा भर कागदपत्रांवर. पुडके उघडतानाचे चित्रीकरण कायद्याने सक्तीचे नाही, तरी ते असले की अर्धा वाद मिटतो. दोष दिसताच विक्रेत्याला लेखी कळवावे: वस्तू सदोष असल्याने आपण ती नाकारत आहोत, ती नेण्याची व्यवस्था त्याने करावी, अथवा परतीचा खर्च देण्याचे लेखी मान्य करावे. या उत्तराची वाट पाहण्यापूर्वी पुडके पाठवू नये. नंतर पाठवायचे झाल्यास पावती, वजन आणि माग काढण्याचा क्रमांक जपून ठेवावा. टपालखात्याची नोंदणी सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. नेमक्या पत्त्यावरील व्यक्तीलाच पुडके मिळावे यासाठी पाच रुपये व त्यावरील कर अधिक भरून स्पीड पोस्टलाच नोंदणी जोडता येते. विक्रेत्याने फक्त किंमत परत करून ‘तक्रार मिटली’ असा संदेश पाठवला, तर टपालखर्च बाकी असल्याचे त्याच दिवशी उलट कळवावे. मौन म्हणजे संमती, असा युक्तिवाद पुढे हमखास होतो.

ई-वाणिज्य कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एक महिन्याच्या आत निराकरण द्यायचे असते. त्यानंतर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण बहुतेक मोठ्या कंपन्यांशी तिचा थेट संपर्क असतो, आणि शंभर रुपयांचा वाद तिथेच सुटणे दोघांच्याही सोयीचे असते.

ते न झाल्यास जिल्हा आयोग. 1986 च्या कायद्याखाली तक्रार कुठे करायची यावरूनच विक्रेते वाद घालत, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याविरुद्ध हैदराबादला जावे लागेल या भीतीने लोक गप्प बसत. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 ने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणून पेडण्याच्या ग्राहकाला उत्तर गोव्यातच दाद मागता येते. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि पुरेसे कारण दिल्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंती करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.