अडीच मिनिटांच्या शहरातून

एडिनबरा

इथल्या निकोल्सन स्ट्रीटवर आज काचेच्या दर्शनी भिंतीचे फेस्टिव्हल थिएटर उभे आहे. त्याच जागी १९११ साली एम्पायर पॅलेस नावाचे नाट्यगृह होते. त्या वर्षी ९ मेच्या रात्री ‘द ग्रेट लाफायेत’ या नावाने गाजलेल्या जादूगाराचा प्रयोग रंगला असताना रंगमंचावरचा दिवा पडून सजावटीने पेट घेतला. समोर सुमारे तीन हजार प्रेक्षक होते. अग्निरोधक पडदा खाली आला आणि वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले. ते सूर कानावर पडताच सगळे सवयीने उभे राहिले आणि शिस्तीत बाहेर पडले. प्रेक्षकांपैकी कोणी दगावले नाही. पडद्यामागे मात्र खुद्द लाफायेत आणि त्याच्या संचातली माणसे मेली. नाट्यगृह रिकामे व्हायला राष्ट्रगीताइतकाच, म्हणजे अडीच मिनिटांचा वेळ लागला, असे सांगतात.

ही अडीच मिनिटे पुढे ब्रिटनच्या बांधकाम नियमांत जाऊन बसली. १९५२ च्या सरकारी अहवालात त्यांना आधार मिळाला आणि जिन्यांची, दारांची रुंदी त्यांवरून ठरू लागली. माणसाच्या खांद्याएवढी, सुमारे २१ इंचांची एक रांग धरायची; त्या रांगेतून मिनिटाला ४० माणसे बाहेर पडतात, म्हणजे अडीच मिनिटांत १००. शंभर माणसे वाढली की आणखी एका रांगेपुरती रुंदी वाढवायची. कित्येक देशांच्या नियमावल्यांत हे गणित या ना त्या रूपात आजही सापडते. आगीचे अभियांत्रिकी शास्त्र शिकायला आलेल्या मुलांना इथे अगदी सुरुवातीलाच विचारले जाते की हा आकडा आला कुठून. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. नियम पाठ असणे आणि नियम कशावर उभा आहे हे ठाऊक असणे, या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्याची किंमत या देशाने अलीकडेच मोजली आहे. ती हकिगत पुढे येईलच.

आगीशी या शहराचे नाते जुने. सेंट जाइल्स चर्चच्या मागे पार्लमेंट स्क्वेअरमध्ये जेम्स ब्रेडवूडचा पुतळा आहे. १८२४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याला इथल्या नगर-अग्निशमन दलाचा प्रमुख नेमले आणि काही आठवड्यांतच हाय स्ट्रीटवरची कित्येक घरे आगीत गेली. ब्रेडवूडने दलात गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे असे कारागीर भरती केले, कारण घर कसे बांधतात हे ज्याला कळते त्यालाच ते कसे कोसळेल याचा अंदाज येतो. लांबून पाण्याचा मारा करण्यापेक्षा आत शिरून आगीच्या मुळाशी पोचावे, ही शिकवण त्याची. पुढे तो लंडनला गेला आणि १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून मेला. १९१८ साली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स’ ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही एडिनबराचा फायरमास्टर आर्थर पोर्डेज होता. दलाच्या प्रमुखाला स्कॉटलंडमध्ये फायरमास्टर म्हणत.

या संस्थेच्या परीक्षा हा पात्रतेचा पहिला, साध्या माणसाला झेपणारा रस्ता. शाळा संपवून थेट दलात भरती झालेला जवान रात्रपाळीत, घंटा वाजली नाही तर, तिथल्याच टेबलावर पुस्तक उघडून बसतो. त्यातल्या ‘फायर इंजिनिअरिंग सायन्स’ या विषयात उष्णता, ज्वलनाचे रसायन, वीज, बलविज्ञान आणि पाण्याचे गणित येते. पाण्याचे गणित म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. नॉझलचे तोंड २० मिलिमीटर, दाब ४ बार. व्यासाचा वर्ग ४००, दाबाचे वर्गमूळ २, त्यांच्या गुणाकाराचे दोनतृतीयांश घेतले की मिनिटाला ५३३ लिटर पाणी हे उत्तर येते. तेच नॉझल धरणाऱ्याला २५१ न्यूटनचा धक्का देते, म्हणजे पंचवीस किलोचे ओझे कोणीतरी सतत छातीकडे रेटावे तसे. शिडीवर उभा असलेला एकटा माणूस ते पेलेल का, याचे उत्तर कागदावर आधीच मिळते.

होजचे गणित याहून बोलके आहे. होजमधून वाहताना पाण्याचा दाब घर्षणाने घटतो. प्रवाह दुप्पट केला की ही घट चौपट होते, आणि व्यासाच्या बाबतीत तर ती पाचव्या घाताने बदलते. इथे ७० आणि ४५ मिलिमीटरचे होज वापरतात. तेवढेच पाणी ७० ऐवजी ४५ च्या होजमधून न्यायचे ठरवले, तर दाबाची घट सुमारे नऊपट होते. (आपल्याकडे ६३ मिलिमीटरचा होज सर्रास असतो, आकडेमोड तीच.) दहाव्या मजल्यावर पाणी का पोचले नाही, यावर आगीनंतर चौकशी बसते. त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका सूत्रात असते, आणि ते आगीआधी मांडता येते.

दुसरा रस्ता विद्यापीठाचा. एडिनबरा विद्यापीठात १९७० च्या दशकात डेव्हिड रॅसबॅश यांनी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. त्यांच्याबरोबरच्या डूगल ड्रायस्डेल यांनी १९८५ साली आगीच्या गतिशास्त्रावर लिहिलेले पाठ्यपुस्तक आजही जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. इथे जिन्याच्या रुंदीपासून नव्हे, आगीपासून सुरुवात करतात. आग किती वेगाने वाढते? काळाच्या वर्गाच्या प्रमाणात, असे ढोबळमानाने धरतात, आणि वाढीचे चार वर्ग पाडतात. त्यातल्या ‘जलद’ वर्गातली आग एक मेगावॅटला पोचायला १५० सेकंद घेते. म्हणजे पुन्हा अडीच मिनिटे! ‘अतिजलद’ आगीला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. मग धूर डोक्याच्या उंचीपर्यंत कधी उतरेल ते काढायचे, लोकांना आग कळायला, निघायचे मनावर घ्यायला आणि चालत बाहेर पडायला किती वेळ लागेल तेही काढायचे, आणि दोन्ही वेळा शेजारी मांडायच्या. पहिली दुसरीपेक्षा पुरेशी जास्त असली तरच इमारत सुरक्षित. मनावर घ्यायला लागणारा वेळ हा चालायच्या वेळेपेक्षा पुष्कळदा मोठा निघतो, ही मला या अभ्यासातली सर्वांत मानवी गोष्ट वाटली.

प्रयोगशाळेत एक यंत्र आहे, कोन कॅलरिमीटर. वर शंकूच्या आकाराचा विजेचा तापक, खाली दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा नमुना. तापकातून चौरस मीटरला ५० किलोवॅट उष्णता पडते. भर दुपारचे ऊन साधारण एक किलोवॅटचे असते. प्लायवूडचा तुकडा ठेवला की तो आधी तपकिरी होतो, मग पृष्ठभागावरून पांढुरका धूर सुटतो, आणि वरची ठिणगी त्या धुराला लागताच भप्पकन ज्योत उठते. लाकूड नव्हे, लाकडातून निघणारी वाफ जळते, हे तिथे डोळ्यांना दिसते. थोड्या वेळाने वर कोळशाचा थर धरतो आणि ज्योत खाली बसते. उष्णता मोजण्यासाठी वर खेचून घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन किती घटला ते पाहतात, कारण जवळपास कोणताही सेंद्रिय पदार्थ जळताना दर किलो ऑक्सिजनमागे सुमारे १३.१ मेगाजूलच उष्णता देतो. त्याच जागी पॉलिएथिलीनचा तुकडा ठेवा. त्यावर कोळसा धरत नाही. तो वितळतो, ठिबकतो आणि ठिबकतानाही जळत राहतो. आणि वजनाला वजन धरले तर लाकडाच्या दुपटीहून जास्त उष्णता देतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर दुरुस्तीच्या वेळी जे आवरण चढवले, त्यात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये हेच पॉलिएथिलीन होते. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात आग लागली. पहिला फोन १२ वाजून ५४ मिनिटांनी आला, आणि दीड वाजायच्या आत ज्वाळा चोवीस मजल्यांच्या माथ्याला पोचल्या. घरातच थांबा, हा तिथला ठरलेला सल्ला होता. आग एका फ्लॅटबाहेर पसरत नाही या गृहीतकावर तो बेतलेला होता आणि दोननंतरही बराच वेळ तो मागे घेतला गेला नाही. ७२ माणसे गेली.

सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. त्यातली एक बाब मनातून जात नाही. दुरुस्तीच्या आधी आगीच्या तज्ज्ञ सल्लागारांकडून एक अहवाल करून घेतला होता. बाहेरून आग पसरण्याच्या दृष्टीने प्रस्तावित बदलांचा विपरीत परिणाम होणार नाही असे वाटते, याची खातरजमा पुढच्या आवृत्तीत विश्लेषणाने करू, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. ती पुढची आवृत्ती निघाली नाही. आवरणात नेमके काय बसते आहे हे कोणी सल्लागाराला खडसावून सांगितले नाही, आणि सल्लागाराने कोणाला खडसावून विचारले नाही. त्या वाक्यात गणित नव्हते, पण वाचणाऱ्यांनी ते झाले आहे असे धरले. प्रयोगशाळेत जे दिसते ते त्या काळी गुपित नव्हते. इमारतीवर मात्र ते ज्ञान असलेल्या माणसाची सही लागावी, असे कोणत्याही कायद्याने म्हटले नव्हते.

इथली कायद्याची स्थिती आपल्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. ब्रिटनमध्ये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी कायद्याने राखलेली आहे. नोंदणीशिवाय ती लावली तर गुन्हा. ‘इंजिनिअर’ला तसे संरक्षण नाही. ‘फायर इंजिनिअर’ अशी पाटी कोणीही लावू शकत आला. राखीव आहे ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी. ती मिळवायची तर पदवीनंतर कामाचा अनुभव, स्वतःच्या कामांवर लिहिलेला तपशीलवार अहवाल आणि मग दोन अनुभवी इंजिनिअरांसमोरची मुलाखत. त्या मुलाखतीत हमखास तपासली जाते ती कुवतीची मर्यादा. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे तुम्ही कधी, कोणाला, कसे सांगितलेत? अशिलाला न रुचणारे मत कागदावर कसे मांडलेत? परीक्षेच्या टेबलावर पाठ केलेली उत्तरे इथे चालत नाहीत. मात्र ही उपाधी घेणे आजवर ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

आयोगाने ते बदलायला सांगितले आहे. फायर इंजिनिअरचा व्यवसाय कायद्याने ओळखावा, स्वतंत्र मंडळ नेमून नोंदवही ठेवावी, उंच निवासी इमारतींच्या बांधकाम अर्जासोबत नोंदणीकृत फायर इंजिनिअरने केलेली सुरक्षा योजना सक्तीची करावी, आणि पदव्युत्तर वर्गांतल्या जागा तातडीने वाढवाव्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने आयोगाच्या शिफारशी मान्य केल्या. अठरा मीटर किंवा सात मजल्यांपासून वरच्या निवासी इमारतींसाठी इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने वेगळा नियामक आलाच आहे. स्कॉटलंडचे बांधकाम नियम स्वतंत्र आहेत. माझ्या मते हे फार उशिरा सुचलेले, तरी अगदी योग्य पाऊल आहे. अडचण माणसांची आहे. आज नोंदणी सक्तीची केली तर कामाला पुरतील इतके चार्टर्ड फायर इंजिनिअर या देशात नाहीत, आणि माणसे कमी पडतात म्हणून निकष सैल करण्याचा दबाव येणार हे उघड आहे. तो झुगारावा असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. आपल्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’चे प्रमाणपत्र द्यायचे असते. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे त्यावर सहीनिशी लिहिलेले असते. सही करणाऱ्याने पंप सुरू करून दाब पाहिला होता का, सर्वांत वरच्या मजल्याचा होज उघडला होता का, हे सोसायटीच्या सभासदांनी विचारायला हवे. हिशोब अवघड नाही, वर दिलेलाच आहे.

दुसरा संबंध नागपूरचा. १९५६ साली सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तिथे आहे आणि फायर इंजिनिअरिंगची पदवी तिथे अनेक वर्षांपासून मिळते. एडिनबरा, बेल्जियममधले गेंट आणि स्वीडनमधले लुंड या तीन विद्यापीठांनी २०१० पासून मिळून चालवलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम अशा पदवीधरांना मोकळा आहे, आणि त्यात शिष्यवृत्त्याही असतात. नोकरी सोडणे शक्य नसेल त्यांना इन्स्टिट्यूशनच्या लेखी परीक्षा ब्रिटनबाहेरच्या केंद्रांवरूनही देता येतात. फक्त अर्ज करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की लेखी परीक्षा उत्तीर्ण होणे आणि व्यावसायिक नोंदणी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीसाठी अनुभवाचा पुरावा लागतो, आणि तो पहिल्या नोकरीपासूनच तारीखवार लिहून ठेवलेला असला तर मुलाखतीत उपयोगी पडतो.