नाव त्यांचे, गाणे आमचे

आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरना आम्ही सगळे 'अँथनीभाई' म्हणत असू. ते काही त्यांचे नाव नव्हते. पण माणूस गोव्याचा, धर्माने कॅथलिक, आणि १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' येऊन गेलेला. आम्हाला एवढे कारण पुरेसे होते. १९८३ साली मी पनवेलच्या शाखेत अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा शिपायापासून खातेदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव होते. पगाराच्या दिवशी कोणीतरी टेबलाआडून उडी मारून बाहेर येई आणि भल्यामोठ्या अंड्यातून निघणाऱ्या अमिताभची नक्कल करी. हे नोटा मोजता मोजता हसत. त्यांनाही मजा येते, असे मला वाटे.

तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्याकडे. त्यामुळे संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत आम्ही दोघेच मागे राहत असू. जुळली की ते छातीवर क्रूस करीत, पेनाला टोपण लावीत आणि झपाझप घर गाठीत. सात वाजता घरी तेर्स असे. गोव्याच्या कॅथलिक घरांतली ही रोजची सामुदायिक प्रार्थना. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती म्हणत, तशीच. बायको, तीन मुले आणि म्हातारी आई क्रूसासमोर गुडघे टेकून त्यांची वाट पाहत. अधिकारीपदाची बढती त्यांनी दोनदा नाकारली होती. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे सात वाजता त्या घरात एक माणूस कमी! आम्ही याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणत असू.

एका संध्याकाळी मीही ते गाणे गुणगुणलो. त्यांनी नोटांची गड्डी खाली ठेवली.

"साहेब, ज्याचं नाव तुम्ही गाता ना, तो माणूस खरा आहे. आमच्या सासष्टीतला. सिनेमातल्यासारखा दारूचा गुत्ता नाही चालवत. व्हायोलिन शिकवायचा."

मला वाटले, थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचा. वडील चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्साला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण तीच मुले पुढे मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली. संगीतकाराने पेटीवर चाल बांधायची आणि पन्नास-साठ वादकांनी काय वाजवायचे ते या गोवेकरांनी कागदावर लिहून काढायचे, असा मामला होता. त्यांना अरेंजर म्हणत. चित्रपटाच्या नामावलीत त्यांचे नाव क्वचितच येई.

गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले. नौशाद यांच्या वाद्यवृंदात त्यांनी व्हायोलिन वाजवले. 'प्यासा' आणि 'नया दौर' या १९५७ सालच्या चित्रपटांच्या संगीतात त्यांचा हात होता. वांद्र्याच्या घरी शिष्य येत. त्यांतला एक प्यारेलाल. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा ताफा उभा केला आणि आपल्या रागांवर बांधलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. चर्चमध्ये शिकलेली विद्या त्यांनी सारंग रागाच्या दारी आणली. १९६५ साली ते अमेरिकेत, सिराक्यूज विद्यापीठात गेले. तिथून परतल्यावर मात्र सिनेमाकडे वळलेच नाहीत. बायकामुलांसह माजोर्ड्याला, आपल्या गावी राहिले.

मुंबईतल्या जुन्या सहकाऱ्यांना ते नाहीसे झाल्यासारखे वाटले. मग 'अमर अकबर अँथनी'च्या वेळी नायकाचे आडनाव गाण्याच्या मीटरमध्ये बसेना. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. प्यारेलालना आपल्या गुरूचे नाव आठवले आणि ते चपखल बसले. शिष्याने वाहिलेली ती गुरुदक्षिणाच! पण देश ते नाव गात नाचला, आणि या नावाचा कोणी माणूस आहे, हे फारच थोड्यांना माहीत होते.

हे सगळे तपशील मला पुढे वाचून कळले. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी, चौऱ्यांशीव्या वर्षी ते गेले. पण 'नाहीसे झाले' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. कुणाच्या लेखी नाहीसे? त्यांच्या घरच्यांच्या लेखी तर ते त्याच वेळी परत आले होते ना! आमच्या हेडकॅशियरनी बढती नाकारली तेव्हा बँकेच्या लेखी त्यांची वाटचाल थांबली. घरी मात्र आईच्या शेवटच्या दिवसांत तिला भरवणारा हात होता, आणि मुलांच्या परीक्षांच्या रात्री जागणारा बाप होता. बँकेत मी बत्तीस वर्षे ताळेबंद पाहिले. ही रक्कम लिहायला त्यांत रकाना नसतो. मी स्वतः तीन बढत्या घेतल्या. मुलीची पहिली सायकल, पहिले पडणे, हे मला पत्रांतून कळले.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा ते निवृत्त झालेले होते. नातवंडांना घेऊन पनवेलहून गाडीत बसायचे. मडगावच्या जरा अलीकडे माजोर्डा स्टेशन लागले, की म्हणे त्यांना खिडकीशी बोलावून पाटी दाखवायचे.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. आम्ही शाखेतले पाच-सहा जण चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. फादरनी शवपेटीपाशी त्यांचे पूर्ण नाव उच्चारले आणि क्षणभर मला कळेचना, हे कोणाबद्दल बोलताहेत. शेजारच्याने माझ्याकडे पाहिले. त्यालाही कळले नव्हते.

बाहेर त्यांच्या मुलाने हात हातात घेतले. मी म्हणालो, "आम्ही त्यांना अँथनीभाई म्हणायचो. चुकलंच आमचं."

"ते घरी सांगायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, माझं नाव नाही घेत, पण नाव मोठ्या माणसाचं घेतात. घेऊ देत."