हाड जुळताना : ७ – गाठ कुठे गेली?

कॅल्शियम आणि आहाराचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण कॅलसवरचा लेख वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी घ्यायलाच हवा. मनगटाच्या वरचं हाड मोडलं, प्लेट बसवली, दोन महिने झाले, आणि एक्स-रेत कॅलसची गाठ कुठेच नाही. मग हाड जुळतच नाही की काय? शंका रास्त आहे. कॅलस म्हणजे निसर्गाचं प्लास्टर, असं मीच लिहिलं होतं. पण शरीर ते प्लास्टर चढवतं ते मोडलेली टोकं हलत असतात म्हणून. टोकं घट्ट दाबून धरली आणि हालचाल जवळजवळ थांबली, तर गाठ बांधायचं कारणच उरत नाही. बेल्जियन शल्यविशारद रोबेर दानी यांनी १९४९च्या ग्रंथात अशा कॅलसविना जुळणाऱ्या हाडांचं वर्णन केलं, आणि १९५८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या शल्यविशारदांच्या गटाने त्यावर प्लेट-स्क्रूचं अख्खं शास्त्र उभं केलं.

मग हाड जुळतं कसं? धडधाकट हाडातही जुनं पोखरून नवं रचण्याचं काम आयुष्यभर चालू असतं. पुढे हाड खाणाऱ्या पेशींचा जथा केसासारखा बारीक बोगदा पाडत जातो, मागोमाग रक्तवाहिनी येते, आणि हाड रचणाऱ्या पेशी बोगद्याच्या भिंतींना आतून थरावर थर देत तो बुजवतात. टोकं घट्ट भिडलेली असली की हे बोगदे तडा ओलांडून सरळ पलीकडच्या हाडात शिरतात. वेग मात्र दिवसाला एक मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी. म्हणूनच प्लेट काढायची घाई करू नये. आतलं काम पुरतं झालेलं नसलं तर हाड तिथेच पुन्हा मोडू शकतं.

यावर कोणी म्हणेल, तर मग प्रत्येक हाड करकचून आवळावं. मला हे पटत नाही. गुडशिप आणि केनराइट यांनी १९८५मध्ये मेंढ्यांच्या नडगीवर केलेला प्रयोग पाहा. हाड कापून ३ मिलिमीटरची फट ठेवली, बाहेरून चौकटीने धरली, आणि काही मेंढ्यांच्या फटीला रोज जेमतेम १७ मिनिटं १ मिलिमीटरची हालचाल दिली. अगदी ताठ धरलेल्या हाडांपेक्षा ही हाडं लवकर भक्कम झाली.

दुसरा आक्षेप याच्या उलटा : हालचाल इतकी गुणकारी, तर प्लास्टर तरी कशाला? इथे संशोधक श्टेफान पेरेन यांचा हिशेब उपयोगी पडतो. जखमेत प्रथम भरणारी कोवळी ऊती दुप्पट ताणली तरी तग धरते, कूर्चा सुमारे १० टक्के ताण सोसते, हाड जेमतेम २ टक्के. १ मिलिमीटरची फट १ मिलिमीटरने हलली तर ताण १०० टक्के, तिथे हाड धरणार नाही. तेवढीच हालचाल १० मिलिमीटरमध्ये वाटली गेली तर ताण १० टक्के, कूर्चेला झेपेल इतका. कोवळी ऊती फट थोडी आवळते, मग कूर्चा टिकते. कूर्चा आणखी आवळते, मग हाड टिकतं. ही चढण चढता यावी इतपत हालचाल हवी, आणि प्लास्टर ती मापात ठेवतं. सुश्रुतानेही भग्नचिकित्सेत ढिल्या बांधाने सांधा स्थिर होत नाही, अति घट्ट बांधाने सूज आणि वेदना होतात, म्हणून मध्यम बांधावा असं सांगितलं आहे. त्याची कारणं वेगळी होती, पण मधलं माप त्यालाही हवं होतं.

आता मूळ प्रश्न. घट्ट दाबून बसवलेल्या प्लेटखाली गाठ शोधू नये, तड्याची रेघ पाहावी. ती दर एक्स-रेत पुसट होत गेली, तर काम चालू आहे. उलट तिथे काही आठवड्यांनी ढगासारखा कॅलस दिसू लागला, तर प्लेट किंवा स्क्रू सैल होऊन टोकं हलत असण्याची शक्यता असते, आणि डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं ते तेव्हा.