प्रवासातील पेढी आणि प्रवासी राउटर

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील व्यापारी वसुलीसाठी निघो वा सम्मेदशिखर, पालिताण्याच्या यात्रेला, पेढी त्याच्यासोबतच प्रवास करते. मालाचे ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार हॉटेलच्या खोलीतूनच उरकले जातात. मात्र हॉटेलचे वाय-फाय धर्मशाळेच्या ओसरीसारखे सर्वांना खुले असते. ओसरीवर तिजोरी उघडावी काय?

प्रवासी राउटर हा मुठीत मावणारा संच हॉटेलच्या वाय-फायला जोडला जातो आणि कुटुंबापुरते स्वतंत्र वाय-फाय देतो. लॉगिन एकदाच करावे लागते; पुढे सर्वांचे फोन व लॅपटॉप आपोआप जोडले जातात.

खरेदी करताना वेगाच्या आकड्यांना भुलू नये. हॉटेलचे लॉगिन-पान हाताळण्याची सोय, २.४ व ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे, डब्ल्यूपीए-३ सुरक्षा, व्हीपीएन आणि पॉवर बँकेवर चालणारे टाइप-सी जोडणीचे यंत्र, एवढे पाहावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

राउटर इतर पाहुण्यांपासून आडोसा देतो. हॉटेलच्या यंत्रणेपासून व्हीपीएनविना नाही. मिळत्याजुळत्या नावाचे बनावट वाय-फायही असू शकते, म्हणून नावाची खात्री स्वागतकक्षात करावी. मोठी रक्कम पाठवताना मोबाइल डेटाच वापरावा. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

एकट्याच्या प्रवासास फोनचा हॉटस्पॉट पुरतो. गरजेपुरताच संग्रह ही शिकवण येथेही हिताचीच ठरते.